देशासाठी प्रार्थना

संपादकांचा फोन आला, "यंदा काय लिहिताय?" आणि मी दरवर्षीप्रमाणे "बघते" म्हणाले. खरं तर विषय वर्षभर डोक्यात होता, धीर होत नव्हता.

गोष्ट गेल्या दिवाळीच्या फराळाची आहे. इथे डब्लिनमध्येच एका मित्राकडे आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. गप्पा चकलीच्या भाजणीवरून सुरू झाल्या आणि आपल्याकडे जातात तशा नागरिकत्वावर गेल्या. कोणाचं ग्रीन कार्ड अडकलंय, कोणाची मुलाखत झाली, कोणी ओसीआय काढलं. मी सांगितलं की माझी शपथ जूनमध्ये झाली. शेजारी बसलेले एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या हातात करंजीची बशी देत म्हणाले, "तुम्हाला काय ताई, सोपं गेलं असेल. हा तर तुमच्याच लोकांचा देश."

माणूस अतिशय प्रेमळ. मी आजारी असताना त्यांच्या घरून दोन आठवडे डबा आला होता. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला ठाऊक आहे. मी हसले आणि करंजी खाल्ली. पण घरी आल्यावर झोप लागली नाही.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले ते १८३१ साली. त्यांनी शाळा काढल्या, मराठी शिकले, आणि १८४२ साली तिथूनच 'ज्ञानोदय' सुरू झाला. माझे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले, आजोबा शिक्षक झाले, पप्पाही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. म्हणजे अमेरिकेतून माणसं नगरला आली आणि जवळपास दोनशे वर्षांनी नगरची मुलगी अमेरिकेला आली. फेरा पूर्ण झाला असं म्हणायला छान वाटतं, पण तेवढ्याने हा देश 'माझ्या लोकांचा' होत नाही. माझे लोक भिस्तबाग रस्त्याला राहतात, शेंगदाण्याची चटणी खातात आणि नाताळात करंज्या-अनारसेच करतात.

गंमत म्हणजे इथल्या चर्चमध्ये मला याच्या बरोबर उलटं ऐकायला मिळालं. आले तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत एका आजींनी माझा हात हातात घेऊन विचारलं होतं, "तुझ्या देशातून सुटून इथे आलीस, आता बरं वाटत असेल ना?" सुटून? मी तर रडत रडत आले होते. पप्पांना विमानतळावर सोडताना त्यांचा चष्मा माझ्याच पर्समध्ये राहिला होता, आणि तो कुरिअरने परत पाठवेपर्यंत मी रोज हातात घेऊन बसत असे.

तर एका बाजूला आपल्या माणसांना वाटतं की ख्रिस्ती म्हणजे अर्धा अमेरिकन. दुसऱ्या बाजूला इथल्या काहींना वाटतं की ख्रिस्ती असेल तर तिचं भारतावर प्रेम कसं असेल. दोन्हीकडे गृहीत एकच धरलेलं आहे, की देश धर्माच्या मालकीचा असतो. मला लहानपणापासून शिकवलं गेलं ते निराळं होतं.

पप्पा दर रविवारी उपासनेत प्रार्थना करायचे. पाळकसाहेबांनी खूण केली की उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि सुरू. त्यांची प्रार्थना फार लांब असे, आम्ही भावंडं कंटाळून पाय हलवत बसायचो. आधी मंडळीतले आजारी, मग परीक्षेची मुलं, आणि मग देश. देश म्हणजे काय, तर पाऊस. पारनेर-पाथर्डीकडे टँकर सुरू झाले असतील तर तेही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं आणि त्यांची शाळा बुडालेली मुलं. पंतप्रधान, मुख्यमंत्री, कलेक्टर, ते कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांना शहाणपण मिळावं म्हणून. सीमेवरचे जवान. आणि शेवटी न चुकता, "जे आम्हाला शत्रू समजतात त्यांच्यासाठीही." देशाचा जयजयकार त्या प्रार्थनेत कधीच नसे. असायची ती काळजी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची किंवा लहान मुलाची करतात तशी.

मला वाटतं, ख्रिस्ती माणसाचं देशप्रेम इथून सुरू होतं. प्रभू येशूला कर द्यावा की नाही असं विचारलं तेव्हा त्याने नाणं मागवून घेतलं आणि कैसराचं कैसराला, देवाचं देवाला, असा निवाडा केला. याचा अर्थ आपण बहुतेक वेळा 'कर भरा' एवढाच घेतो. पण त्यात दुसरी बाजूही आहे. कैसराला त्याचं द्यायचं, पण सगळं नाही. देश मोठा, पण देव नव्हे. ज्याची पूजा करायची त्याला दोष दाखवता येत नाहीत, आणि ज्याची काळजी घ्यायची त्याचे दोष आधी बघावे लागतात. येशू यरुशलेमेजवळ आला तेव्हा त्या नगराकडे पाहून रडला, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. ते नगर त्याच्या पूर्वजांचं होतं, त्याचं होतं. त्याने त्या नगराला खडे बोलही सुनावले आहेत. पण आधी डोळ्यांत पाणी आलं.

हे आपल्या मराठी मातीत कोणी जगून दाखवलं, तर पंडिता रमाबाईंनी. आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांनी तर त्यांच्याकडे जरा जवळून पाहावं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद झाले ते पत्रांतून आपल्याला वाचायला मिळतात. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय कमी आहे, असा त्यांचा सवाल होता. धर्म स्वीकारला, पण भाषा, साडी, शाकाहार काही सोडलं नाही. १८८६ साली त्या अमेरिकेला आल्या ते आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, फिलाडेल्फियाला. थोड्या दिवसांसाठी आलेल्या रमाबाई इथे अडीच वर्षांहून अधिक राहिल्या, देशभर फिरल्या, व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसे जमवले, आणि १८८८ साली आपल्या इथूनच, सॅन फ्रान्सिस्कोहून, जहाजाने परतल्या. मी कधी एम्बार्कडेरोवर फिरायला गेले की मला त्या आठवतात. इथे राहायला बोलावणारी माणसं त्यांना नक्की भेटली असतील. त्या पैसे घेऊन घरी गेल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं.

त्याच वर्षी त्यांचं 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत आलं. अमेरिकेवर इतक्या बारकाईने लिहिलेलं मराठी पुस्तक त्या काळात! इथल्या शाळा, स्त्रियांच्या संस्था, लोकांची उद्योगी वृत्ती यांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. पण मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्यायही झाकला नाही. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने यजमानांचं भलं-बुरं दोन्ही लिहिलं, आणि लिहिलं कोणासाठी, तर आपल्या देशातल्या माणसांना उपयोग व्हावा म्हणून.

पुढे १८९३ साली पुण्यात त्यांच्यावर धर्मांतराच्या आरोपांचं वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. त्या वादात कोण किती बरोबर होतं यावर आजही मतभेद आहेत, आणि ते असू देत. मी पाहते ती पुढची वर्षं. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन आली. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. तेव्हा प्लेगच्या इस्पितळात बायकांना कशी वागणूक मिळते हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर लिहिलं. सरकार ख्रिस्ती होतं, वर्तमानपत्र ख्रिस्ती होतं, लिहिणारी ख्रिस्ती होती. तरी लिहिलं, कारण मरणाऱ्या बायका तिच्या देशाच्या होत्या. गव्हर्नरसाहेबांना ते आवडलं नाही. म्हणजे आपले म्हणाले ही परक्यांची, आणि परके म्हणाले ही आगाऊ. माझी फराळाची करंजी त्यापुढे काय!

आता थोडं आपल्या गावाबद्दल. डब्लिन हे नाव इथे आलं आयरिश लोकांमुळे, हे आपल्याला ठाऊक असतं, पण तिकडे पाय वळत नाहीत. या मार्चमध्ये सेंट पॅट्रिकची मिरवणूक बघून आम्ही हेरिटेज पार्कमध्ये गेलो. तिथे सेंट रेमंडचं पांढरं लाकडी चर्च आहे, १८५९ सालचं, आणि शेजारी जुनी दफनभूमी. मरे, फॅलन ही आयरिश कुटुंबं इथे आली, जमिनी घेतल्या, चर्चला जागा दिली. फॅलन रोडवरून आपण मुलांना सॉकरला नेतो तो याच फॅलनांचा. दुष्काळ आणि इंग्रजी राज्य मागे टाकून आलेली ही माणसं, इथे आली तरी घरच्या स्वातंत्र्याची काळजी त्यांच्यातल्या अनेकांनी सोडली नाही.

आणि ज्या पॅट्रिकच्या नावाने आपण हिरवे शर्ट घालतो, तो मुळात आयरिश नव्हताच. तो रोमन ब्रिटनमधला मुलगा. चाच्यांनी पळवून आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून नेला, पळून घरी गेला, आणि मोठेपणी आपण होऊन त्याच देशात परतला, त्या लोकांची सेवा करायला. आयरिश देशप्रेमाचं सर्वांत मोठं प्रतीक म्हणजे एक स्थलांतरित. हे मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखाच, फक्त व्हिसा नव्हता."

आयरिश लोकांच्या होमरूल चळवळीचा धागा थेट आपल्याकडे येतो. जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा हे माझगावच्या माथारपाखाडीतले, ईस्ट इंडियन समाजातले. पुण्यात इंजिनिअरिंग शिकले, मग केंब्रिजला कायदा. आयर्लंडच्या होमरूलचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. ते लोकमान्यांचे वकील आणि सोबती झाले, आणि १९१६ साली बेळगावला टिळकांची होमरूल लीग निघाली तेव्हा तिचे अध्यक्ष काका बॅप्टिस्टा होते. १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, त्यातही ते होते. १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. लोकमान्य टिळक आणि चर्चला जाणारे काका, एकाच व्यासपीठावर! 'तुमच्या लोकांचा देश कोणता' हा प्रश्न तेव्हा त्यांना कोणी विचारला असता तर काय उत्तर मिळालं असतं, याची कल्पना करायला मला आवडतं. माझगावच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. पुढच्या वेळी मुंबईला गेलात तर जाऊन या, वरून बंदर दिसतं.

तर शपथेकडे येते. अर्ज करायला पात्र झाल्यावरही मी दहा वर्षं थांबले. यजमानांनी आधीच घेतली होती, मुलगा तर इथलाच. मलाच जमत नव्हतं. शपथेचा मजकूर मी कितीदा वाचला असेल. आधीच्या सगळ्या निष्ठा पूर्णपणे सोडल्याचं त्यात म्हणायचं असतं. आमच्याकडे शपथ ही चेष्टा नाही. येशूने तर शपथाच वाहू नका, तुमचं होय ते होय असू द्या, असं शिकवलं. मग भारतावरची माया तशीच ठेवून तोंडाने 'सोडली' म्हणणं हे खोटं नाही का?

हे कोडं सोडवताना एक जुना खटला वाचनात आला. जिरुआर्ड नावाचा कॅनडाचा एक सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट गृहस्थ. त्याने नागरिकत्वाच्या अर्जात सांगितलं, की सैन्यात बिनहत्यारी सेवा करीन, पण धर्मामुळे शस्त्र उचलणार नाही. त्याला नाकारलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९४६ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. आजही धर्मश्रद्धेमुळे ज्यांना शस्त्र उचलता येत नाही, त्यांना शपथेतलं ते वाक्य गाळता येतं. आणि योगायोग पाहा, १९४६ हेच ते वर्ष, ज्या वर्षी भारतीयांना या देशाचं नागरिक होण्याची मुभा देणारा कायदा झाला. त्याआधी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात याच न्यायालयाने आपल्याला दार बंद केलं होतं. मी कॅम्प पार्क्सच्या कुंपणालगतच्या रस्त्याने रोज कामाला जाते, आत सैनिक दिसतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सद्सद्विवेकाला जागा ठेवून देश निष्ठा मागू शकतो, हे कळल्यावर माझं ओझं थोडं हलकं झालं. शपथेत कायदेशीर निष्ठा मागतात, आठवणी मागत नाहीत.

उरलेलं ओझं यिर्मयाने उतरवलं. यहुदी लोकांना बाबेलला कैद करून नेलं, तेव्हा या संदेष्ट्याने त्यांना पत्र लिहिलं होतं. तिथे घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं व्हावं म्हणून झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे, असा त्याचा आशय. यरुशलेम विसरा, असं त्याने सांगितलं नव्हतं. आणि हाच यिर्मया स्वतःच्या देशाच्या चुका बोलला म्हणून घरच्यांकडून फितूर ठरला होता.

मग पप्पांना फोन केला. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. मी आढेवेढे घेत सांगितलं की पासपोर्ट जमा करावा लागेल. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "शपथ मनापासून घेणार आहेस का?"

"हो."

"मग घे. नुसती रांगेत उभं राहायची सोय म्हणून घेऊ नकोस. आणि मतदान चुकवायचं नाही."

पप्पांनी आयुष्यभर निवडणुकीच्या ड्युट्या केल्या. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांवर मतपेट्या घेऊन जायचे, रात्री शाळेत सतरंजीवर झोपायचे. त्यांच्या दृष्टीने नागरिक म्हणजे एवढंच, आणि एवढं सगळं.

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटलं का?"

ते म्हणाले, "वाटलं. पण तू गेलीस त्या रविवारपासून मी तुझ्या त्या देशासाठीही प्रार्थना करतो. आता तू इथल्यासाठी करायची. हिशोब बरोबर."

ओकलंडच्या पॅरामाउंट थिएटरात शपथविधी होता. आधी एकेका देशाचं नाव पुकारतात आणि त्या त्या देशाची माणसं उभी राहतात. 'इंडिया' म्हटल्यावर आम्ही उठलो. खूप जण होतो. त्या क्षणी मी भारताची नागरिक म्हणून शेवटची उभी होते. पाय थरथरत होते. शेजारी इथिओपियाची एक बाई होती, तिने न विचारता माझा हात धरला. मग तिच्या देशाचं नाव आलं होतं की यायचं होतं ते आता आठवत नाही, पण ती रडत होती आणि मी तिचा हात धरून होते.

त्यानंतर महिन्याभरातच, २५ जुलै २०२४ ला, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेल्याची बातमी आली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून अनेकांना ते माहीत आहेत. तेव्हाही 'धर्मगुरू कसा अध्यक्ष?' अशी कुरबुर झाली होतीच. पण त्यांचं खरं काम वसईच्या विहिरी आणि वाड्या. पाण्याचे टँकर आणि इमारती हिरवा पट्टा गिळायला लागल्या, तेव्हा धमक्या सोसून ते हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. त्यांच्याबरोबर केळीवाले, भाजीवाले, सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. देशावर प्रेम म्हणजे त्या देशाच्या पाण्यावर, मातीवर प्रेम, हे त्यांच्याइतकं सोपं करून क्वचितच कोणी दाखवलं असेल.

मी काही रमाबाई नाही की काका बॅप्टिस्टा नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात मी मतदान केंद्रावर काम करायला नाव दिलं, एवढंच. दिवसभर उभं राहून पाय सुजले. एक चिनी आजोबा पहिल्यांदाच मतदान करत होते, त्यांना छातीवर स्टिकर लावून दिला तर त्यांनी फोटो काढायला लावला. रात्री पप्पांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवायला काय दिलं?" ड्युटी केलेल्या माणसाचा प्रश्न! नगरला आमच्या जुन्या शाळेत आम्ही काही माजी विद्यार्थी मिळून मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणतो आहोत. पहिल्या वर्षी पाइप फुटला, दुसऱ्या वर्षी टाकी आली. यंदा बघू.

त्या ज्येष्ठ गृहस्थांकडे यंदाही फराळाला जाणार आहे. त्यांना उत्तर द्यायचं ठरवलं आहे, भांडण म्हणून नाही, डब्याची आठवण ठेवून. सांगेन की काका, माझ्या लोकांचा म्हणून हा देश मला मिळाला नाही. तुम्ही घेतलीत तशीच, उजवा हात वर करून, जड मनाने, मीही शपथ घेतली. आता या देशाचं जे बिघडेल त्याला आपण दोघंही जबाबदार. आणि तिकडचं जे बिघडेल त्याने आपल्या दोघांचीही झोप उडणारच आहे.

मग करंजी खाईन. त्यांच्याकडची चांगली असते, सारणात खसखस घालतात.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. दोन्ही देशांत पाऊस वेळेवर पडो.